सूर्याआड उगवलेला तारा

आमच्या खगोलशास्त्र विभागात वैतागलेल्या माणसांचा तुटवडा नाही, पण एलोईसा बोहोर्केसचं वैतागणं सगळ्यांपेक्षा वेगळं होतं. ती आवाज चढवत नसे. हातातली पेन्सिल टेबलावर ठेवायची, खुर्ची मागे सारायची, बाहेर जाऊन इमारतीला एक फेरी मारायची आणि परत येऊन कामाला लागायची. जूनच्या भर दुपारीसुद्धा, जेव्हा आमच्या वाळवंटातल्या टूसॉन गावात कुत्रीदेखील सावली सोडत नाहीत. मी विभागातले संगणक सांभाळतो. तिच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये एक पातळ भिंत आहे. त्यामुळे खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मला कळायचं, कुठून तरी नकार आलेला आहे.

ती इथलीच. नदीच्या पलीकडच्या मेक्सिकन वस्तीत वाढलेली. नदी म्हणायचं, पाणी कधी दिसत नाही. वडील तांब्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे, ते लवकर गेले. आई, दोन्या कुका, अजून त्याच घरात राहते आणि अजून रोज स्वतःच्या हाताने तोर्तियाच्या पोळ्या थापते. भाऊ चुई कूलर दुरुस्त करतो, म्हणजे या गावात त्याला देवानंतरचा मान. एलोईसा शिकायला बाहेर गेली, डॉक्टरेट करून परत आली आणि आमच्याकडे लागली. प्राध्यापक मात्र ती कधीच झाली नाही. तिची जागा अनुदानावरची. दर काही वर्षांनी पुन्हा अर्ज करायचा आणि आपण उपयोगाचे आहोत हे पुन्हा एकदा पटवून द्यायचं.

तिचं काम थोडक्यात सांगतो. आकाशात दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकापुंजांचे, समूह आहेत. एकेका समूहात शेकडो दीर्घिका, आणि दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं असं कृष्णद्रव्य. ते चमकत नाही, प्रकाश अडवत नाही, कशालाच दाद देत नाही. पण त्याला वजन आहे, आणि वजनाजवळून जाताना प्रकाशाची वाट वाकते. त्यामुळे समूहाच्या पार मागे असलेली एखादी दीर्घिका आपल्याला ताणलेली, कमानीसारखी वाकलेली दिसते. कधीकधी एकीच्या तीन-चार दिसतात. त्या कमानी मोजायच्या आणि त्यांवरून उलटं गणित मांडून समूहातलं न दिसणारं वजन कुठे किती आहे याचा नकाशा काढायचा. एलोईसा गेली पंधराएक वर्षं मुख्यतः एकाच समूहाचा नकाशा काढत होती. कॅटलॉगमध्ये त्याला लांबलचक आकडा आहे. ती त्याला तवा म्हणायची, कारण तो पसरट होता आणि एका कडेने जास्त तापलेला.

बाकीच्यांचे नकाशे संगणक काढायचा. एलोईसा संगणक वापरायचीच, पण एकेक दीर्घिका स्वतः बघून, हिचं वजन किती धरायचं, ही खरंच समूहातली का, असं ठरवत जायची. म्हणून तिचा एक नकाशा दुसऱ्यांच्या पाच नकाशांच्या वेळात व्हायचा. विभागप्रमुख लेलंड प्रूइट, भला माणूस, तिला दर वर्षअखेरीच्या बैठकीत सांगायचे की काम उत्तम आहे, वेग वाढव. मग खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

तव्याच्या कडेला एक पिवळट ठिपका होता. बाकी समूहातल्या दीर्घिकांसारखाच रंग, म्हणून सगळे त्याला समूहातलाच धरून चालत. एलोईसाला तो पहिल्यापासून खटकत होता. "हा पाहुणा घरचा वाटत नाही," असं ती म्हणायची. खात्री करायची तर मोठ्या दुर्बिणीवर त्याचा वर्णपट घ्यायला हवा; त्यावरून त्याचं अंतर कळलं असतं. तिने अर्ज केला. समितीने कळवलं की रंगावरून पुरेसं समजतंय, तेवढ्यासाठी मोठ्या दुर्बिणीचा वेळ देता येणार नाही. तिने पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी कशीबशी एक रात्र मिळाली. त्या आठवड्यात डोंगरावर हिवाळी वादळ येऊन बसलं आणि दुर्बिणीचा घुमट उघडलाच नाही. हुकलेली रात्र भरून देत नाहीत. चौथ्या वर्षी पुन्हा नकार.

शेवटी तिने तो ठिपका समूहातला धरून नकाशा पुरा केला. तसं केल्यावर कमानी जुळेनात. त्या जुळवायला तिला समूहाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे एकही दीर्घिका नव्हती अशा ठिकाणी, कृष्णद्रव्याचा एक मोठा गोळा कल्पावा लागला. आणि गंमत अशी की तिच्या साऱ्या कामातला तो गोळाच लोकांना आवडला. नुसतं कृष्णद्रव्य, सोबत एकही तारा नाही! त्यावर व्याख्यानं झाली, दुसऱ्यांनी लेख लिहिले. तिला स्वतःला तो गोळा कधी पटला नाही. लोक अभिनंदन करायचे तेव्हा ती असं बघायची की जणू कुणी दुसऱ्याचं सामान तिच्या दारात आणून टाकलंय.

मग एक तारा फुटला.

तव्याच्या खूप मागच्या एका दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट झाला आणि त्याचा प्रकाश समूहाला वळसे घेत तीन वाटांनी आपल्यापर्यंत आला. एकच तारा, तीन ठिकाणी फुटलेला दिसला. आणि नकाशा सांगत होता की चौथी वाटही आहे. ती लांबची होती. त्या वाटेने निघालेला प्रकाश अजून पोचायचा होता. म्हणजे तोच तारा पुढे कधीतरी, ठरलेल्या जागी, पुन्हा फुटताना दिसणार होता. कधी, ते कृष्णद्रव्य कुठे किती आहे यावर अवलंबून. ज्याचा नकाशा बरोबर, त्याची तारीख बरोबर. आमच्या धंद्यात अशी परीक्षा फार क्वचित येते. आयुष्यभर माणसं नकाशे काढतात आणि ते खरे की खोटे हे सांगायला कुणी येत नाही.

ज्यांच्याकडे नकाशे होते त्या सगळ्यांना आपापला अंदाज मुदतीच्या आत जाहीर करायला सांगितलं. एलोईसाने लिहिलं: दोन वर्षांनी, एप्रिलच्या मध्यावर, मागेपुढे सहा आठवडे. कॅलिफोर्नियातल्या डेस्मंड आक्टरबर्गने लिहिलं: त्याच वर्षी डिसेंबरात, मागेपुढे नऊ महिने. आक्टरबर्ग या क्षेत्रातलं मोठं नाव. एलोईसाशी त्याचं वैर नव्हतं, पण मैत्रीही नव्हती.

अंदाज पाठवायच्या आदल्या दिवशी प्रूइट तिच्या खोलीत आले होते. मी तिथेच टेबलाखाली संगणकाच्या केबल तपासत होतो.

"जरा सैल बांध की," ते म्हणाले. "सहा आठवड्यांचे सहा महिने कर. तुला कोण विचारणार आहे?"

"सहा महिने केले तर मी सांगितलं काय? कधीतरी येईल, एवढंच ना?" ती म्हणाली. "ते आमची आईसुद्धा सांगेल, तुमच्या अनुदानाशिवाय."

"त्या ठिपक्याचं तुलाच नक्की माहीत नाही."

"नक्की करायला तुम्ही लोक देत नाही. आता समूहातला धरायचं म्हणता ना? मग धरला. त्यावरून जे येतं ते हे."

प्रूइट दाराकडे वळले. जाताना त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

ते वर्ष उजाडलं. अवकाशातली दुर्बीण ठरावीक अंतराने तव्याकडे वळत होती आणि प्रतिमा आमच्याकडे सकाळी उतरायच्या. मार्चमध्ये काही नाही. एप्रिलमध्ये नाही. एलोईसा कॉफीचा पेला घेऊन पडद्यासमोर बसायची, ठरलेल्या जागी बघायची आणि पेला तसाच थंड व्हायचा. एप्रिलच्या शेवटाला इतर विद्यापीठांतले लोक मजेत विचारायला लागले. कुणी मेल पाठवला की ताऱ्याला पत्ता नीट दिला होतास ना.

घरी तर विचारूच नका. रविवारी दुपारी त्यांच्याकडे सगळे जेवायला जमतात. मलाही बऱ्याचदा बोलावणं असतं. चुईला नवा विषयच मिळाला होता.

"आला का गं तुझा तारा?" तो वाढून घेता घेता विचारायचा.

"नाही."

"एवढा उशीर करतो म्हणजे आपल्याच नात्यातला दिसतोय."

सगळे हसायचे. एलोईसाही हसायची, पण पानातलं तसंच ठेवायची. दोन्या कुकाला लेक काय करते ते नीट कळत नव्हतं, पण लेकीला कुणी ताटकळत ठेवलंय एवढं कळलं होतं, आणि तिचा त्या ताऱ्यावर राग होता. "गेला उडत, बाळा. तू जेव," असं म्हणून ती गरम तोर्तिया तिच्या पानात टाकायची.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आणखी एक प्रतिमा आली. त्यानंतर सूर्य त्या दिशेला सरकत होता, आणि ती दुर्बीण सूर्याच्या जवळपासही तोंड करत नाही. सप्टेंबर संपेपर्यंत तवा कुणालाच दिसणार नव्हता. एलोईसाने मला बोलावून घेतलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. तिथे खरंच काहीतरी होतं. किंवा नव्हतं. आजूबाजूच्या करड्या खरखरीपेक्षा जेमतेम उजळ अशी एक जागा.

"दिसतंय ना?" तिने विचारलं.

मी म्हणालो, दिसतंय असं वाटतंय. हे उत्तर तिला आवडलं नाही. प्रूइट बघून म्हणाले, ही खरखरच आहे, यावरून काही जाहीर करू नकोस. तिने स्वतः गणित केलं आणि तेच निघालं. अशी खरखर त्या चित्रात आणखी दहा ठिकाणी होती. तेवढ्यात तिच्या सहा आठवड्यांची हद्द संपली.

तो उन्हाळा तिने कसा काढला ते मी बघितलं. तवा सूर्यामागे होता, करण्यासारखं काहीच नव्हतं. खिडकीतून कातालिना डोंगरावर ढग जमताना दिसायचे. ती नकाशा पुन्हा पुन्हा तपासत बसायची आणि चूक सापडायची नाही. एकदा ती मला म्हणाली की चूक सापडली असती तर बरं झालं असतं, निदान चिडायला जागा मिळाली असती.

ऑक्टोबरात पहिली प्रतिमा आली ती एका मंगळवारी सकाळी. मी विभागात पोचलो तेव्हा तिचं दार उघडं होतं आणि ती पडद्यासमोर उभी होती. तारा तिथे होता. अगदी ठरलेल्या जागी, तिने दिलेल्या खुणेवर. पण तो उजळत नव्हता, विझत चालला होता. पुढच्या दोन प्रतिमांवरून हिशेब लागला: तो जुलैच्या मध्यावर सर्वांत तेजस्वी झाला होता. सूर्याच्या ऐन मागे. पृथ्वीवरच्या एकाही माणसाने तो उजळताना पाहिला नव्हता.

निकाल सरळ होता. एलोईसाचा एप्रिल जुलैपासून तीन महिने दूर, आक्टरबर्गचा डिसेंबर पाच महिने. म्हणजे तिचा अंदाज जास्त जवळचा. पण तिने सहा आठवड्यांची हद्द घातली होती, ती ओलांडली गेली. त्याने नऊ महिन्यांची घातली होती, त्यात जुलै आरामात बसत होता. म्हणून सगळीकडे छापून आलं की आक्टरबर्गचा नकाशा निरीक्षणाशी जुळतो आणि बोहोर्केसचा जुळत नाही. शास्त्राच्या नियमाने ते बरोबरच होतं. एलोईसानेही ते बरोबर नाही असं कुठे म्हटलं नाही. पण त्या दिवशी तिने इमारतीला फेरी मारली नाही. ती गाडी काढून घरी गेली आणि दोन दिवस आली नाही.

रविवारी जेवताना चुई गप्प होता, त्यावरून मला कळलं की तिने घरी सांगितलंय.

पुढच्या वसंतात तिच्या अनुदानाची मुदत आली. परीक्षकांनी लिहिलं की तपासलेला एकमेव अंदाज अपयशी ठरला आहे. अनुदान निम्मं झालं, तिची जागाही निम्मी झाली. उरलेल्या वेळात ती गावातल्या एका कॉलेजात सकाळच्या वर्गांना प्राथमिक भौतिकशास्त्र शिकवायला लागली. प्रूइटांनी तिच्यासाठी वरच्यांशी भांडण केलं होतं हे मला माहीत आहे. ते भांडण त्यांना जमणारं नव्हतं.

आणि मग आक्टरबर्गचा फोन आला. मी तिच्या संगणकाची डिस्क बदलत होतो, तिचे हात कागदांत गुंतलेले, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"एलोईसा, तव्याच्या कडेचा तो पिवळट ठिपका," तो म्हणाला. "वर्णपट मिळाला."

"कुणाला मिळाला?"

"मला. आता समूह गाजतोय ना, तर दुर्बिणीचा वेळ लगेच दिला. तो ठिपका समूहातला नाहीये. समूहाच्या खूप अलीकडे आहे, आपल्या वाटेवर. लहानसाच. आपण धरत होतो त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही वजन नसेल."

एलोईसाने हातातले कागद खाली ठेवले.

"किती वेळ लागला?"

"कशाला?"

"वर्णपट घ्यायला."

"एक तास. खरं तर कमीच."

"मी चार वर्षं मागत होते, डेस्मंड."

"माहीत आहे मला. पहिल्या वर्षी त्या समितीत मी होतो. तारा फुटायच्या कितीतरी आधीची गोष्ट. रंगावरून पुरेसं समजतंय, हे वाक्य माझंच." पलीकडे त्याने घसा खाकरल्याचं ऐकू आलं. "दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं असं वाटलं."

मी डिस्क हातात धरून तसाच बसून राहिलो, कारण उठलो असतो तर आवाज झाला असता.

"बरं झालं सांगितलंस," ती शेवटी म्हणाली. "वर्णपट पाठव. आजच पाठव."

तिने ठिपक्याचं वजन काढून टाकलं आणि नकाशा पुन्हा मांडला. कॉलेजचे वर्ग सांभाळून तिला ते करायला हिवाळा उजाडला. तिच्या पद्धतीने, एकेक दीर्घिका बघून. तारीख आली जुलैचा दुसरा आठवडा. तीच तारीख, जी तारा दिसण्याआधी मिळाली असती तर तिचं सगळं वेगळं झालं असतं. आता तिला काडीची किंमत नव्हती. तारा येऊन गेल्यावर त्याची तारीख कुणीही काढू शकतो, असं लोक म्हणणार, आणि एलोईसा त्यांच्या जागी असती तर तीही तेच म्हणाली असती. हे ती मला दोनदा म्हणाली, दुसऱ्यांदा जरा जास्तच शांतपणे.

दुसरी गोष्ट म्हणजे तो गोळा गेला. एका बाजूचं खोटं वजन काढल्यावर दुसरीकडे तोल सावरायला कशाचीच गरज उरली नाही. कमानी आपोआप जुळल्या. कृष्णद्रव्य जिथे दीर्घिका जास्त तिथे जास्त, जिथे कमी तिथे कमी, असं साधं, सरळ पसरलेलं निघालं. जे काम तिच्या नावाने सर्वांत जास्त ओळखलं जात होतं ते चुकीचं होतं, आणि तसं जाहीर करणारा लेख तिलाच लिहायचा होता. तिने तो लिहिला. परीक्षकाने विचारलं, यात नवीन काय? तिने उत्तर दिलं की पूर्वी मी जे आहे म्हणाले ते तिथे नाही, हे नवीन आहे. लेख छापायला वर्ष गेलं. अजूनही लोक व्याख्यानांत तो गोळा दाखवतात. गेल्याच महिन्यात एका पाहुण्या वक्त्याने आमच्याच सभागृहात दाखवला, तिचं नाव घेऊन, कौतुकाने. ती पहिल्या रांगेत बसली होती. व्याख्यान संपल्यावर तिने हात वर केला आणि तो गोळा नसल्याचं सांगितलं. वक्ता म्हणाला, छान, त्याचा संदर्भ पाठवा.

आक्टरबर्गने तिला विचारलं की दोघांनी मिळून एकच नकाशा करू या का. प्रूइट म्हणाले, लगेच हो म्हण. तिला हो म्हणायला सहा महिने लागले. तिची अट एवढीच होती की प्रत्येक दीर्घिका ती स्वतः तपासणार आणि हद्दी तो एकटा ठरवणार नाही. त्याने मान्य केलं. करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण तव्यातल्या एकेका ठिपक्याची तिच्याइतकी ओळख दुसऱ्या कुणाला नाही.

आता त्यांचं काम चाललंय पाचव्या वाटेचं. तोच तारा आणखी एकदा दिसणार आहे, पण ती वाट फारच लांबची. वीसएक वर्षं लागतील असं दोघांनाही वाटतं. तोवर एलोईसा ऐंशीच्या घरात असेल, आक्टरबर्ग बहुधा नसेलच. तारखेवरून त्यांचं अजून एकमत नाही. तो म्हणतो मागेपुढे दोन वर्षं धरू, ती म्हणते पाच महिने. दर गुरुवारी दुपारी फोन होतो आणि भिंतीपलीकडून मला तिची बाजू ऐकू येते. परवा बराच वेळ वाद झाला. त्याचं म्हणणं, तिनेच मला नंतर सांगितलं, की इतकं आवळून सांगायची गरजच काय, आपल्यापैकी बघायला कोण असणार आहे.

"कोणीतरी बघेल ना," ती म्हणाली. "त्याला आपलं चुकलंय की बरोबर आलंय, हे कळायला नको?"

मग बराच वेळ तो बोलत असावा. मधूनमधून ती नुसतं "नाही" म्हणत होती.